विळ्याची मूठ कोण ठरवतं?

बायांनो, घरात कुणी आठवी-नववी-दहावीची लेक असेल तर तिलाही जरा रेडिओजवळ बोलवा. आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे, तसंच तिच्यासाठीही आहे.

मी कारखान्यांसाठी यंत्रांचे भाग आखून देण्याचं काम करते. याला मेकॅनिकल डिझाइन म्हणतात. माझं माहेर कोरडवाहू गावातलं. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. आज चौदा वर्षं झाली, याच कामावर माझं घर चालतं. रेडिओच्या ताई मला म्हणाल्या, "निकालाचे दिवस जवळ आले. मुली विचारतात काय शिकू, आणि मेकॅनिकलचं नाव काढलं की घरचे म्हणतात, ते पोरांचं काम. तर हे काम असतं काय, शिकायचं कुठं, खर्च किती, ते आमच्या बायांना नीट सांगा." म्हणून आले आहे.

आधी काम समजून घेऊ. तुमच्या घरातला विळा डोळ्यांसमोर आणा. त्याची मूठ किती जाड आहे? फार जाड असेल तर बोटं पुरती वळत नाहीत, पकड ढिली पडते आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. फार बारीक असेल तर तळहाताला रुतते. पातं किती वाकडं, वजन किती, धारेला दाते आहेत की नाहीत, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. आता बऱ्याच गावांत हलका दातेरी विळा आला आहे, काही ठिकाणी त्याला वैभव विळा म्हणतात. तो करवतीसारखा ओढून कापतो, त्याला सारखी धार लावावी लागत नाही. ज्यांनी तो वापरला त्यांना फरक ठाऊक आहे. विळा तोच, पण आखणी बदलली.

पाठीवरचा फवारणीचा पंप घ्या. टाकी १६ लिटरची असेल तर नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो होतं. पट्टे किती रुंद, ते खांद्यावर कुठं टेकणार, दांडा किती लांब, हे कुणीतरी कागदावर ठरवलं. ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? बहुतेक वेळा उंचापुरा पुरुष. म्हणून तो पंप आपल्या पाठीवर नीट बसत नाही. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या लोकांनी शेतात राबणाऱ्या बायका-पुरुषांच्या अंगाची मापं घेतली. उंची, हाताची लांबी, मुठीची पकड, सगळं. बाईच्या मापाचं अवजार करायचं तर आधी बाईचं माप पाहिजे, इतकी साधी गोष्ट आहे.

आता हापशाची गोष्ट ऐका, कारण ती आपल्याच भागातली आहे. पूर्वी बोअरवर ओतीव लोखंडाचे हापसे बसवत. त्यांची मूळ आखणी परदेशातल्या एकेका शेतघरासाठी केलेली. आपल्याकडे एका हापशावर अख्खी वस्ती, पहाटेपासून रात्रीपर्यंत. सांधे झिजायचे, दांडा निखळायचा, आणि बायका पुन्हा विहिरीच्या वाटेला लागायच्या. जालना आणि सोलापूर भागात पाण्याचं काम करणाऱ्या मिशनच्या माणसांनी यावर डोकं लावलं. ओतीव लोखंडाऐवजी पोलाद घेतलं. चार सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला आणि दांडा साखळीला जोडला. साखळी कशासाठी? आपण दांडा मारतो तेव्हा तो गोलात फिरतो, पण आतली सळई सरळ वर यायला हवी. साखळी त्या गोल कडेवर गुंडाळली जाते, म्हणून सळई सरळ उचलली जाते आणि बाजूला घासत नाही. याच सोलापूर पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात इंडिया मार्क २ नावाचा हापसा तयार झाला, आणि तो देशभर गेला.

पण त्याच्यातही एक अडचण राहिली. आतलं वॉशर खराब झालं तरी सगळा पाइप वर ओढून काढावा लागे. त्यासाठी बाहेरून माणसं आणि गाडी यायची, तोवर हापसा बंद. मग मार्क ३ आला. त्यात पाइप रुंद केला. त्यामुळे आतला दट्ट्या पाइप न काढता, पाइपातूनच वर खेचता येऊ लागला, आणि गावातल्या गावात दुरुस्ती करता येऊ लागली. बायांनो, कागदावर एका नळीची रुंदी बदलली, आणि कुठल्या तरी गावातल्या बाईची चार-आठ दिवसांची पायपीट वाचली. माझं काम याच जातीचं आहे.

आता हे काम दिवसभर करायचं कसं, ते सांगते. एक फुलपात्र हातात घ्या. समोरून पाहिलं तर ते वर रुंद, खाली निमुळतं दिसतं. वरून पाहिलं तर एकात एक दोन गोल दिसतात. मधोमध उभं कापलं तर पत्र्याची जाडी दिसते. हे तिन्ही आकार मापासकट कागदावर काढले, की ज्यानं ते फुलपात्र कधी पाहिलं नाही असा कारागीरही तंतोतंत तसंच करू शकतो. यंत्राचा प्रत्येक भाग असाच कागदावर येतो. आता कागदाऐवजी संगणक असतो. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कटिया, क्रिओ अशी त्यासाठीची सॉफ्टवेअर आहेत. पण डोळ्यांनी तिन्ही बाजू पाहता आल्या पाहिजेत. ते डोळे असतील तर सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं.

दुसरी गोष्ट मापाची. ब्लाउज शिवताना आपण माया सोडतो. माया कमी पडली तर शिवण उसवते, जास्त झाली तर कापड गोळा होतं. यंत्रातही माया सोडतात, फक्त ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. बेअरिंगमध्ये बसणारा दांडा दोन-तीन शतांश मिलिमीटरनं जाड झाला तर आत जात नाही, तेवढाच बारीक झाला तर खडखडतो. आपल्या डोक्याचा केससुद्धा याहून जाड असतो. माया किती सोडायची, धातू कोणता, भाग ओतायचा की कातायचा, बोल्ट कुठं, आणि तो आवळायला पाना फिरेल एवढी जागा आहे का, हे सगळं आखणाऱ्यानं ठरवायचं. ड्रॉइंगमधलं एक माप चुकलं तर शंभर नग भंगारात जातात. म्हणून या कामात ताकदीपेक्षा लक्ष जास्त लागतं. कारखान्यात जावं लागतं, लेथजवळ उभं राहावं लागतं, हात तेलकट होतात. पण घण मारायचा नसतो.

एक अनुभव सांगते. आमच्याकडे मसाला कांडपाच्या यंत्राचं काम आलं होतं. जुन्या आखणीत मिरची ओतायचं तोंड पाच फुटांवर होतं. मी विचारलं, "ओतणार कोण?" उत्तर आलं, "बचत गटाच्या बायका." मग मी एका गटात जाऊन बसले. बायका स्टुलावर चढून, डोक्याच्या वर पाटी उचलून मिरची ओतत होत्या. तिखट डोळ्यांत उडत होतं. शेजारी पट्टा फिरत होता, त्याला जाळी नव्हती, आणि पदर तिथूनच जात होता. आम्ही तोंड कमरेच्या जरा वर आणलं, त्याला झाकण दिलं, पट्ट्यावर जाळी बसवली. खर्च थोडा वाढला, मालक कुरकुरले, पण यंत्र तसंच झालं. माझ्या सोबतचे इंजिनियर हुशार होते. फक्त त्यांच्यापैकी कुणी पदर खोचून मिरची ओतलेली नव्हती.

हा लहान विषय नाही. मळणीयंत्रात माणसांचे हात जाऊ लागले म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी केंद्र सरकारला कायदा करावा लागला. कणसं आत घालायची नळी पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असेल तर हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचतच नाही. त्या नळीची लांबी ठरवणं हेही डिझाइनच.

आता "हे पोरांचं काम" या बोलण्याकडे वळू. १९५१ साली, म्हणजे पंचाहत्तर वर्षं होत आली, बंगालमधल्या शिबपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजातून इला मजुमदार नावाची मुलगी मेकॅनिकल इंजिनियर झाली. पुढे त्या शिकाऊ म्हणून ग्लासगोच्या कारखान्यात गेल्या, डेहराडूनच्या शस्त्र कारखान्यात नोकरी केली, आणि नंतर कोलकात्यात मुलींसाठी तंत्रनिकेतन उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. तेव्हा जमलं, ते आज न जमायला काय झालं?

आणि नवीन आखणीवर लोक आधी विश्वास ठेवत नाहीत, हेही जुनंच. आपल्या किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तांत्रिक चित्रकला शिकले आणि तीच शिकवायचे. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष लागेल. नांगर बराच काळ पडून राहिले. नंतर काय झालं ते आपल्या शिवारांना माहीत आहे. मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलीबद्दल आज जे बोललं जातं, त्यालाही मी त्या बोलण्याइतकीच किंमत देते.

आता वाटा सांगते. वही घ्या, लिहून ठेवा.

पहिली वाट आयटीआयची. दहावीनंतर ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. यात ड्रॉइंग काढायलाच शिकवतात. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, तिचं विद्यावेतन मिळतं. आणि वाट तिथंच संपत नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची, म्हणजे पदविकेची, आपण डिप्लोमा म्हणतो ती. दहावीनंतर तीन वर्षं. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी परीक्षा नाही. सोळाव्या वर्षी दहावी झालेल्या मुलीच्या हातात एकोणिसाव्या वर्षी पदविका असते. पुढे शिकायचं असेल तर पदविकेच्या गुणांवर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मी याच वाटेनं गेले. खेड्यातल्या मुलीला ही वाट बरी पडते, कारण मधेच थांबावं लागलं तरी हातात नोकरीचं शिक्षण असतं.

तिसरी वाट बारावी विज्ञान आणि सीईटी देऊन चार वर्षांच्या पदवीची. ती तुम्हाला माहीत आहे.

याशिवाय छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारचं इंडो जर्मन टूल रूम आहे. तिथं साचे आणि हत्यारं बनवण्याचं शिक्षण मिळतं. तासगाव, लातूर आणि यवतमाळला मुलींसाठी सरकारी निवासी तंत्रनिकेतनं आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणी प्रत्येक शाखा नसते, म्हणून अर्ज भरण्याआधी मेकॅनिकल शाखा आहे का ते विचारून घ्या.

मुलींनो, दहावीपर्यंत दोन गोष्टी सांभाळा. एक गणित, त्यातही भूमिती आणि त्रिकोणमिती. दुसरी चित्रकला. शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा असेल तर जरूर बसा. त्यातला भूमितीचा पेपर म्हणजे आमच्या कामाची पहिली पायरीच आहे.

आता पैसा. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून, थेट कॉलेजशी बोलून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. ज्या कॉलेजात अर्ज कराल तिथल्या कार्यालयात "आमच्या अभ्यासक्रमाला कोणती योजना लागू आहे" असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती नावाची शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. पदविका किंवा पदवीला प्रवेश घेणाऱ्या, निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती घेता येते. इंजिनियरिंग आणि तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागाही राखीव असतात.

पण माफी फक्त फीची. खोली, जेवण, एसटीचा पास, ड्रॉइंगचं साहित्य हा खर्च राहतोच. त्यासाठी सरकारी वसतिगृह, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, स्वाधार, स्वयम अशा योजना आहेत. कुणाला कोणती लागू, ते समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात कळतं.

इथं बऱ्याच मुली अडकतात त्या कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी, आणि मुलीच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. निकालानंतर सेतूत रांग लागते, आणि तारीख कागदासाठी थांबत नाही. म्हणून ही कामं निकालाच्या आधीच उरकून घ्या.

एक सावधगिरीही सांगते. शहरांत कॅडचे खासगी क्लास पुष्कळ आहेत. काही चांगले आहेत. काही जण "कोर्स करा, नोकरी हमखास" म्हणून मोठी फी आगाऊ घेतात. भरण्याआधी विचारा, मागच्या वर्षीच्या मुली कुठं लागल्या, त्यांच्याशी बोलता येईल का? फी टप्प्यानं भरता येईल का? उत्तर टाळलं तर उठून या. सुरुवातीला घरी शिकायला फ्रीकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. शाळेतल्या संगणकावरसुद्धा त्यात फुलपात्र काढून बघता येतं.

आता अवघड भाग, कारण तोही माहीत असलेला बरा. वर्गात साठ मुलांत चार-पाच मुली असतील. पदविका झाल्यावर मी ज्या पहिल्या ठिकाणी मुलाखतीला गेले, तिथल्या साहेबांनी ड्रॉइंगची वही उघडलीसुद्धा नाही. "लग्न झालं की सोडून जाणार, मग आम्ही शिकवायचं कशाला?" एवढंच म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी वही उघडली गेली आणि मला काम मिळालं. सुरुवातीचा पगार फार नसतो. खोलीभाडं आणि डबा गेला की हातात थोडंच उरतं. पहिली दोन-तीन वर्षं शिकण्याची असतात. या काळात जी मुलगी टिकते, तिला पुढे चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज, नाशिकचं सातपूर-अंबड, कोल्हापूरचं शिरोली, अशा ठिकाणी काम मिळू शकतं. अनुभव हाती आला की मूल लहान असताना घरून ड्रॉइंग करून देणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत.

टिकण्यासाठी तिला घरची साथ लागते, आणि इथं गटाचं काम येतं. एकटी आई घरात बोलली तर तिला गप्प करतात. दहा बाया मिळून बोलल्या तर घर ऐकतं. पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या आठवी ते दहावीच्या मुलींची यादी काढा. जवळच्या तंत्रनिकेतनाला किंवा आयटीआयला एक दिवस त्यांना घेऊन जा. कार्यशाळा आणि ड्रॉइंग हॉल दाखवा, आणि त्यांचे बाबाही सोबत न्या. ज्या घरी पैशाची अडचण आहे तिथं वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यांसाठी गटातून कर्ज देता येईल का, ते ठरवा. आपण म्हशीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनसाठी देतो. हेही द्यावं. आणि जिथं सोळाव्या-सतराव्या वर्षीच स्थळं बघायला सुरुवात होते, तिथं चौघी जणींनी जाऊन सांगा, अठराच्या आत लग्न कायद्यानं गुन्हा आहेच, पण हिची पदविका पुरी होईपर्यंत स्थळाचं नावच काढू नका.

आणि मुलींनो, तुम्ही आजच एक काम करा. घरातलं कोणतंही एक अवजार घ्या. खुरपं चालेल, किसणी चालेल. समोरून, वरून आणि बाजूनं, तिन्ही बाजूंनी वहीत काढा आणि पट्टीनं मापं लिहा. मग आईला विचारा, "हे वापरताना तुझा हात कुठं दुखतो?" ती सांगेल त्या जागेवर खूण करा, आणि तिथं काय बदललं पाहिजे ते शेजारी लिहा. कुठलाही क्लास लावण्याआधीचा तुमचा पहिला धडा हाच आहे. ती वही शाळेतल्या चित्रकलेच्या किंवा गणिताच्या बाईंना दाखवा.

बायांनो, प्रवेशाबद्दल काही विचारायचं असेल तर केंद्रावर चिठ्ठी द्या. पुढच्या भागात मी तुमच्या प्रश्नांनाच उत्तरं देईन.